तीन वर्षांची तब्येत

लामाराला साधी सर्दीसुद्धा होत नाही, हे नेव्हिल ओल्डरॉइडने त्या शनिवारी संगणकाच्या पडद्याला दोनदा ऐकवून पाहिलं. पडदा ढिम्म. त्यावर तीन हजार एकशे पाच पौंडांचा आकडा होता, तो तसाच राहिला, आणि त्याखालचं हिरवं बटण ‘पुढे जा’ म्हणत राहिलं.

व्हिसाची फी एक हजार नऊशे अडतीस पौंड आहे, एवढं नेव्हिलला ठाऊक होतं. ती त्याने साठवली होती, वर विमानाचं तिकीट आणि नवी गादी धरून चांगले एकोणतीसशे जमवले होते. पण फॉर्मच्या बासष्टाव्या पानावर, लग्नाचे फोटो वगैरे देऊन झाल्यावर, सरकारने हळूच विचारलं होतं की तुमच्या पत्नीच्या तब्येतीचं काय? ती इथे येणार, कधीतरी आजारी पडणार, सरकारी दवाखान्यात जाणार. तेव्हा तिच्या औषधपाण्याचा वाटा आगाऊ द्या. वर्षाला एक हजार पस्तीस. व्हिसा पावणेतीन वर्षांचा, पण पैसे पुऱ्या तीन वर्षांचे.

“म्हणजे जे तीन महिने ती इथे नसणारच, त्या तीन महिन्यांतही तिने आजारी पडायचं,” नेव्हिल मोठ्याने म्हणाला. घरात ऐकायला कोणी नव्हतं.

नेव्हिलचं वय सत्तावन्न. यॉर्कशरमधल्या ऑग्डेनशॉ गावी, नगरपालिकेच्या दफनभूमी खात्यात एकतीस वर्षं कारकुनी. त्याच्या टेबलावर येणारी माणसं रडवेली असत आणि त्यांचे फॉर्म अर्धवट भरलेले असत. नेव्हिल दोन्ही गोष्टी शांतपणे हाताळी. आधी कागदी रुमालाचा डबा पुढे सरकवी, मग रकाना क्रमांक सातवर बोट ठेवी. गावात त्याला मान होता. सगळ्यांना कधी ना कधी त्याच्याकडे जायचं होतं.

लामारा जॉर्जियातल्या कुटाइसी शहरात राहायची आणि शाळेतल्या मुलांना पियानो शिकवायची. नेव्हिल तिथे डोंगरांत भटकायला गेला, गुडघा दुखावून घेऊन तिच्या बहिणीच्या खाणावळीत नऊ दिवस अडकला, आणि पुढच्या वर्षी तिच्याशी लग्न करून परतला. तो गुडघा अजून दुखत होता. त्याच्या शस्त्रक्रियेचा नंबर लागायची वाट बघत चौदा महिने होऊन गेले होते. तेव्हा आता ज्या दवाखान्यात आपल्याला जायला मिळत नाही, त्यात बायकोला न्यायचे तीन वर्षांचे पैसे आपण आज भरायचे आहेत, हे नेव्हिलच्या लक्षात आलं, आणि चहा गार झाला.

शेजारच्या ग्लेनिस आर्मिटेजला त्याने ही गोष्ट कुंपणावरून सांगितली. सांगायला नको होती. ग्लेनिस चौऱ्याहत्तर वर्षांची, विधवा, आणि जगातल्या प्रत्येक विषयाची माहिती तिला घरबसल्या मिळत असे.

“काहीतरी चुकतोयस तू नेव्हिल,” ती म्हणाली. “बाहेरून येतात त्यांना सगळं फुकट असतं. दात, चष्मा, सगळं.”

“मिसेस आर्मिटेज, दात तर यात धरलेलेच नाहीत. तीन हजार भरून दात वेगळे.”

“फुकट असतं. म्हणून तर मला डॉक्टरची वेळ मिळत नाही.”

“मी बासष्ट पानं वाचलीत.”

“मग कोणीतरी तुला फसवतंय.” ग्लेनिसने हातमोजे काढले. “खरं सांगू का, राग येऊ देऊ नकोस. डेरेक नेहमी म्हणायचा, नेव्हिल शहाणा आहे, पण बाईच्या बाबतीत गाढव आहे.”

डेरेक म्हणजे तिचा नवरा. सहा वर्षांपूर्वी वारला. त्याची राख अजून तिच्या कपाटात, गरम पाण्याच्या टाकीशेजारी ठेवलेली होती. उबेत बरं वाटत असेल त्याला, असं तिचं म्हणणं. मेलेल्या माणसाने आपल्याला गाढव म्हणावं याचं नेव्हिलला वाईट वाटलं. त्याला उलट उत्तर देता येत नाही.

पैसे मात्र कुठून तरी आणायलाच हवे होते, आणि लवकर. लामाराने तिबिलिसीला जाऊन क्षयाची तपासणी करून घेतली होती. फुप्फुसं स्वच्छ, असा दाखला मिळाला होता, पण तो सहा महिनेच चालायचा आणि त्यातले पाच महिने भाषेच्या परीक्षेत गेले होते. तीस तारखेनंतर तीच फुप्फुसं कागदोपत्री पुन्हा संशयित ठरणार होती. कर्ज काढायला नेव्हिलचा जीव होईना. मोटारगाडी विकायची तर ती विकत घेणाऱ्यालाच काही द्यावं लागलं असतं. कमी पडत होते एकवीसशे त्रेचाळीस, शिवाय तिकीट.

सोमवारी कचेरीत बसल्या बसल्या त्याची नजर भिंतीवरच्या नकाशावर गेली. टेकडीवरची जुनी दफनभूमी, विभाग ‘ह’, जागा क्रमांक एकशे अठरा. हॉथॉर्नच्या झाडाखाली, पाठीला वारा लागत नाही, समोर सगळं खोरं दिसतं. ती जागा नेव्हिलची होती. सव्वीस वर्षांपूर्वी, खात्यातल्या माणसाला आधी कळतं म्हणून, त्याने ती चारशे दहा पौंडांना दोघांसाठी घेऊन ठेवली होती. आज टेकडीवर तशी जागा कोणत्याही भावाला मिळत नव्हती. दुपारी नेव्हिलने हळूच नियमावली काढली. नगरपालिका जागा परत घेते, पण घेतल्या किमतीला. मात्र मालकाला वाटल्यास ती दुसऱ्या माणसाच्या नावे करून देता येते.

नेव्हिलला आयुष्यात पहिल्यांदा त्या खात्याचा फायदा दिसला, आणि त्याने नियमावली घाईने मिटली.

बातमी ग्लेनिसला कशी लागली हे कळलं नाही. नेव्हिलने फक्त पोस्टमनला विचारलं होतं, की अशा जागेला किती येतील. संध्याकाळी ती दारात हजर.

“झाडाखालची ती?”

“हो.”

“डेरेकला तीच हवी होती. तुझं नाव लागलं तेव्हा दोन दिवस जेवला नाही.” ती न बोलावताच खुर्चीवर बसली. “अठराशे.”

“मिसेस आर्मिटेज, खाली ओढ्याकाठची चिखलातली जागा आज चौतीसशेला जाते.”

“मग ओढ्याकाठी घेईन. डेरेकला पाणी आवडायचं.”

“सव्वीसशे.”

“बायको परदेशातून आणायची हौस तुला, आणि मी का भरू? दोन हजार.”

एकतीस वर्षांत मृताच्या नातेवाइकांशी नेव्हिलने कधी घासाघीस केली नव्हती. आता तो स्वतःच्या कबरीवर भाव करत होता आणि समोरची बाई त्याच्याच बिस्किटांना हात घालत होती. शेवटी तेवीसशेवर सौदा ठरला. ग्लेनिसने उठता उठता विचारलं, की जागेवर ऊन सकाळचं येतं की दुपारचं. नेव्हिलने सांगितलं, दुपारचं.

अडचण एकच होती. दस्तावर दोन नावं होती. दुसरं नाव ज्यूडिथचं.

ज्यूडिथ म्हणजे नेव्हिलची पहिली बायको. अकरा वर्षांपूर्वी बैठकीच्या खोलीत नवा गालिचा घालायला रे नावाचा माणूस आला होता. गालिचा अजून नेव्हिलकडे होता. ज्यूडिथ रेबरोबर मोर्कमला समुद्रकाठी राहत होती. घटस्फोटात घर, गाडी, भांडी सगळ्याची वाटणी झाली, पण कबर दोघांच्याही ध्यानातून गेली होती. कायद्याने पाहिलं तर ज्यूडिथ अजूनही नेव्हिलच्या शेजारी पुरली जाणार होती.

नेव्हिलने पोस्टाने फॉर्म पाठवून पाहिला. तो परत आला, ज्यूडिथने न वाचताच सही केलेली, पण रकाना सात रिकामा. साक्षीदाराची सही नव्हती. मग रविवारी तो गुडघा सांभाळत मोर्कमला गेला. वाटेत भर पावसात गाडीचं वायपर तुटलं, म्हणून शेवटचे चाळीस मैल तो खिडकीतून डोकं काढून गेला, आणि रेच्या दारात उभा राहिला तेव्हा अर्धाच ओला होता.

“ये, ये,” रे म्हणाला. चांगला माणूस होता, हीच त्याच्याबद्दलची वाईट गोष्ट. “बूट काढू नकोस, गालिचा धुता येतो.”

या वेळी ज्यूडिथने चष्मा लावून कागद वाचला. मग पुन्हा वाचला.

“ही आपली टेकडीवरची?”

“हो.”

“ती विकतोयस?”

“लामाराच्या तब्येतीसाठी.”

“अगं बाई! काय झालंय तिला?”

“काही झालेलं नाही. ठणठणीत आहे. पण ठणठणीत असण्याचे तीन वर्षांचे पैसे आगाऊ भरायचेत.”

ज्यूडिथने चष्मा काढला. “माझ्यासाठी तू कधी साधं नवं नहाणीघर केलं नाहीस, नेव्हिल. पंधरा वर्षं मागत होते.”

नहाणीघर अजूनही तेच होतं.

“मी तिथे अधूनमधून जायचे,” ती म्हणाली. “आपलं भांडण झालं की. वाटायचं, शेवटी इथेच तर यायचंय, मग कशाला एवढं.” तिने पुन्हा सही केली. “मग एक दिवस वाटलं, शेवटी इथेच यायचंय का?”

साक्षीदार नात्यातला नसावा असा नियम. ज्यूडिथने रेशी लग्न केलेलं नव्हतं, तेव्हा रे कायद्याने कोणाचाच कोणी नव्हता. त्याने हात पुसून, जीभ दाताखाली धरून, रकाना सातमध्ये सुंदर अक्षरात आपलं नाव लिहिलं. मग नवं वायपरही बसवून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. परतीच्या वाटेवर सबंध दोन तास नेव्हिलला काच स्वच्छ दिसत होती, आणि त्याचा त्याला फार संताप येत होता.

सव्वीस तारखेला ग्लेनिसचे पैसे आले. नेव्हिलने टाय लावला (असल्या व्यवहाराला तो टाय लावी), कार्डाचा नंबर घातला आणि हिरवं बटण दाबलं. पैसे नाकारले गेले. पुन्हा दाबलं. कार्ड गोठवण्यात आलं आहे, बँकेला फोन करा. बँकेने पाऊण तास सनई ऐकवावी तशी कसलीशी बासरी ऐकवली आणि मग शिवॉन नावाची मुलगी बोलायला आली. आवाज इतका मायाळू, की नेव्हिलला लगेच धोका वाटला.

“सर, घाबरू नका. तुमच्यासारख्या खूप लोकांच्या बाबतीत असं होतं. मला एवढंच सांगा, परदेशातल्या एखाद्या स्त्रीच्या आजारपणासाठी कोणी तुमच्याकडे पैसे मागितलेत का?”

“हो.”

“कोणी मागितले, सर?”

“सरकारने.”

“ते लोक असंच सांगतात, सर. आम्ही सरकारकडून बोलतोय असं. त्या बाईंना तुम्ही प्रत्यक्ष भेटला आहात का?”

“मी लग्न केलंय त्यांच्याशी!”

“बरं. आणि त्या आजारी आहेत?”

“नाहीत.”

“मग पैसे कशाचे, सर?”

त्या शनिवारपासून नेव्हिलही हेच विचारत होता.

“हे पैसे उभे करायला तुम्ही अलीकडे एखादी मालमत्ता विकलीत का?” शिवॉनने फार हळुवारपणे विचारलं.

“माझी कबर विकली,” नेव्हिल म्हणाला.

त्यानंतर शिवॉनने त्याला विचारलं, की आत्ता घरात तुमच्याबरोबर कोणी आहे का, तुम्हाला कोणाशी बोलावंसं वाटतंय का. मग तिने खातं पूर्णच बंद केलं. त्याच्याच भल्यासाठी.

गावातली बँकेची शाखा चार वर्षांपूर्वी बंद होऊन तिथे नखं रंगवायचं दुकान झालं होतं. अठ्ठावीस तारखेला नेव्हिल रजा काढून लीड्सला गेला, बगलेत लग्नाचा आल्बम. तिथल्या अधिकाऱ्याने सगळे फोटो नीट पाहिले. लामारा हसते आहे, लामारा नाचते आहे, लामाराच्या सहा मामांनी नेव्हिलला खांद्यावर उचललं आहे आणि नेव्हिलचा चेहरा पांढराफटक.

“यात तुम्ही आनंदी दिसत नाही, सर,” अधिकारी संशयाने म्हणाला.

“मला उंचीची भीती वाटते.”

“पत्नीची जन्मतारीख?”

नेव्हिलला विभाग ‘अ’ ते ‘ह’मधल्या किमान चारशे माणसांच्या तारखा पाठ होत्या, जन्माच्या आणि मृत्यूच्या. त्या क्षणी लामाराची एकही आठवेना. “मेमध्ये,” तो म्हणाला, आणि भरल्या बँकेत त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. अधिकाऱ्याने कागदी रुमालाचा डबा पुढे सरकवला. आपण इतकी वर्षं हे लोकांना करत आलो आणि ते किती अपमानास्पद असतं, हे नेव्हिलला तेव्हा कळलं.

शेवटी लामारालाच फोन लावला. ती वर्गात होती. मागे कोणी पोर पियानोवर एकच ओळ चुकवत होतं. तिने अधिकाऱ्याला आपली तारीख सांगितली, नेव्हिलची सांगितली, त्याचा कोणता गुडघा दुखतो तेही सांगितलं. खातं उघडलं. तिथेच, बँकेच्या खुर्चीवर बसून, नेव्हिलने दोन्ही रकमा भरल्या. तीन वर्षांची तब्येत विकत घेतली, आणि घरी येऊन अकरा तास झोपला.

उत्तर यायला साडेतीन महिने लागले. मधल्या काळात ग्लेनिसने डेरेकला टेकडीवर नेऊन ठेवलं, वर गुलाबी दगड बसवला आणि त्यावर आपलंही नाव कोरून घेतलं, फक्त शेवटचं वर्ष रिकामं सोडून. नेव्हिलने नियमाप्रमाणे त्या कामाची पाहणी केली आणि नोंदवहीत सही केली. घरी नवी गादी आली.

पत्र शनिवारी दुपारी उघडलं. अर्ज नाकारला होता.

परदेशातून पत्नी आणायला वर्षाच्या पगाराची जी मर्यादा होती, तिच्याहून नेव्हिलचा पगार तीनशे दहा पौंडांनी जास्त होता, त्याबद्दल वाद नव्हता. पण फेब्रुवारीच्या पावतीत तीन दिवसांचा पगार कापलेला होता, आणि त्या महिन्यावरून वर्षाचा हिशेब धरला तर तो मर्यादेच्या खाली जात होता. फेब्रुवारीत लामाराची आई गेली होती. नेव्हिल मातीला गेला होता. साहेब म्हणाला होता, “आजारी होतो म्हणून लिही रे, कोण बघतंय.” नेव्हिलने मान हलवली होती. तो आजारी नव्हता. त्याने बिनपगारी रजा मांडली होती, कारण सासूच्या मयतीला भरपगारी रजा नियमात बसत नव्हती, आणि नियम त्याला माहीत होता.

अर्जाची फी परत मिळत नाही, असं पत्रात लिहिलं होतं. आरोग्याची मात्र पूर्ण परत मिळेल.

ग्लेनिसने पोस्टमनला जाड पाकीट देताना पाहिलंच होतं. ती कुंपणाशी आली, पत्र घेऊन वाचलं, फेब्रुवारीची तारीख पाहिली, आणि तिची मान लाल झाली. “सासूच्या मयतीला गेलास म्हणून?” ती म्हणाली. “हे कोणी लिहिलंय? नाव कुठाय त्याचं?”

“नाव नसतं.”

“मी बोलते त्यांच्याशी.” तिने पत्राची घडी घालून ते परत दिलं. मग तिचा आवाज खाली आला. “ती जागा मी तुला परत दिली असती नेव्हिल. पण डेरेकला आता परत उपटायचं का? दगडावर नाव घातलंय रे.”

“नको, नको. राहू दे त्याला.”

“ऊन छान येतं तिथे,” ती म्हणाली, आणि घरात जाऊन मटणाचा अर्धा पाय घेऊन आली. कोणी मेलं की ती तोच आणत असे.

मग नेव्हिलने लामाराला फोन लावला. ती स्वयंपाकघरात होती. फोन तिने कसल्याशा बरणीला टेकवून ठेवला होता, म्हणून ती कमरेपासून वर दिसत होती, हात पिठाचे.

“वाच,” ती म्हणाली. “सगळं वाच. हळू. मी परीक्षा पास आहे, मला समजेल.”

नेव्हिलने वाचलं. ती मध्येमध्ये थांबवून एकेका शब्दाचा अर्थ विचारत होती. आईचा उल्लेख पत्रात कुठेच नव्हता, फक्त तारीख होती. त्या तारखेला तिचे हात थांबले, आणि मग पुन्हा पीठ मळू लागले.

“हे शेवटचं काय? ‘खेद वाटतो.’ खेद म्हणजे?”

“म्हणजे... वाईट वाटणं.”

“कोणाला वाटतं?”

नेव्हिलने कागद उलटून पाहिला. “कोणाला नाही. ते छापलेलंच असतं.”

नेव्हिलला लामाराचं तोंड दिसत नव्हतं. ती वाकून भट्टीत काहीतरी सरकवत होती.

“म्हणजे मला नको म्हणाले नाहीत,” ती म्हणाली. “तुला नको म्हणाले.”

“तसंच झालं.”

“आणि माझी तब्येत परत दिली.”

“पूर्ण. तीन हजार एकशे पाच.”

“चांगलं झालं. मला ती इथे लागते.” ती हसायला गेली, ते जमलं नाही, आणि तिने पिठाचाच हात डोळ्यांवरून फिरवला. “पुन्हा अर्ज करायला किती?”

नेव्हिलने सांगितलं. तब्येतीचे आहेत, पण अर्जाचे पुन्हा जमवायचे. पावत्या शेवटच्या सहा महिन्यांच्याच बघतात, तेव्हा फेब्रुवारीची लवकरच मागे पडेल. क्षयाची तपासणी नव्याने करावी लागेल. तो बोलत राहिला, रकान्यामागून रकाना, आणि आवाज नीट राहावा म्हणून कागदावरची नजर त्याने वर केली नाही.

“नेवील,” ती म्हणाली. तिला ‘व्ह’ कधी जमला नव्हता. “तू सकाळपासून काही खाल्लंस?”

“नाही.”

“शेजारीण काय घेऊन आली?”

“मटण.”

“मग घेऊन ये. इथे माझ्यासमोर ठेव.”

नेव्हिल उठला. लंगडत जाऊन त्याने ताट आणलं, आणि फोन पाण्याच्या सुरईला टेकवून ठेवला. पलीकडे तिने भट्टीतून रोटी काढली, फोनसमोर धरून मोडली, आणि अर्धी त्याच्या बाजूला ठेवली.